सोनाळावाली निघाली

टेंभीखेडात कुणाला गोजरबाईचं घर विचारलं तर लोक विचारणाऱ्याच्या तोंडाकडं पाहतात. "कोन गोजरबाई?" मग शाळेत खिचडी करणारी, असं सांगितलं की चेहरा खुलतो. "अस्सं म्हना ना बापा. सोनाळावाली!"

या भागाची रीतच तशी आहे. लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव माहेरीच राहतं. सासरी येतं ते माहेराच्या गावाचं नाव. टेंभीखेडात एक अमडापूरवाली आहे, एक जळगाववाली आहे. अकोटवाल्या दोन आहेत. त्यातल्या धाकट्या अकोटवालीचं वय सत्तर.

गोजरबाईला या रीतीचं कधी वाईट वाटलं नाही. नवरा होता तोवर तिला 'अवं' म्हणायचा. तो गेला. मुलगा सुरतेला कामाला लागला, तो फोनवर 'माय' म्हणतो. नाव घेणारं गावात कुणी नव्हतंच. पण 'सोनाळावाली' म्हटलं की माहेर कानावर पडायचं. तेवढ्यावर तिचं भागायचं.

सोनाळा टेंभीखेडापासून फार लांब नाही. तोच सातपुडा, तीच कपाशी. पण गोजरबाई बोलायला लागली की सोनाळा म्हणजे वेगळाच मुलूख. "आमच्या सोनाळ्याची तूर शिजाले लागली का वास चौथ्या घरी जाते." "आमच्या सोनाळ्याच्या वांग्यात बी सापडून दाखवा." ऐकणारे हसायचे. तीही हसायची. पण माघार घ्यायची नाही.

शाळेच्या पोषण आहाराची पळी तिच्या हातात होती. लांब दांड्याची, काठाला झिजलेली. गावातली अर्धी तरणी पोरं त्या पळीनं वाढलेलं खाऊन मोठी झाली. सरपंचाचा पुतण्याही. ती पळी म्हणजे गोजरबाईची गावातली जागा. जमीन नव्हती, माणूस नव्हतं, पळी होती. खोडही होती. खिचडीची चव पाहायची म्हणजे पळीतून तळहातावर घ्यायची, चाटायची आणि हात पदराला पुसायचा. मुख्याध्यापकांनी एकदा टोकलं. ती म्हणाली, "पदर माहा हाय, सर. तुमचा शर्ट थोडीच घेतला?"

या पदरानंच पुढं तिची झोप उडवली.

झालं असं की शाळेत 'हात धुवा केंद्र' बांधलं गेलं. नळांची रांग, निळ्या फरशा, वर हसऱ्या मुलाचं चित्र. खाली ओळ: 'स्वच्छ हात, निरोगी गाव'. पाइप तेवढा जोडायचा राहिला होता. तो पुढच्या टप्प्यात होता. पण उद्घाटन याच टप्प्यात होतं. सरपंच पंजाबरावांनी तालुक्याहून साहेबांना बोलावलं. भिंतीमागं एक ड्रम ठेवला. ड्रमाला नळी लावली. साहेबांनी फीत कापली, नळ सोडला, हात धुतले, फोटो निघाला. साहेबांचे हात धुऊन झाले आणि ड्रम रिकामा झाला.

मग जेवणं. अंगणात पंगत बसली. पंगतीला गोजरबाईच्या हातचे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. मांडवात खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर साहेब, मास्तर, सरपंच आणि सरपंचांची आई सरूआजी. खुर्चीवाल्यांना सँडविच.

सँडविचची कल्पना शेखरची. शेखर म्हणजे पंजाबरावांचा पुतण्या. पुण्याहून हॉटेलचं शिकून आला होता आणि जळगाव जामोदच्या रस्त्यावर त्यानं कॅफे काढला होता. कॅफेच्या बोर्डावर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'प्युअर व्हेज' लिहिलेलं. घरच माळकरी. एकादशीला त्यांच्या घरात कांदा चिरला जात नाही.

सकाळीच शेखर प्लास्टिकचा टब घेऊन चुलीपाशी आला.

"काकू, हे ब्रेडले लावून देजा बरं."

"हे काय रे पोट्ट्या? चुना हाय का?"

"मेयो हाय, काकू."

"मेलो?"

"मेयो! पांढरी चटणी समजा."

"कशाची?"

"तेलाची."

"तेल पांढरं कसं झालं?"

"फेटून फेटून." शेखर इकडंतिकडं पाहत म्हणाला. "पुण्यात याच्याबिगर कोनी जेवत नाई."

गोजरबाईनं बोट लावून पाहावं म्हटलं. पण तो चुन्याचा रंग पाहून मन झालं नाही. तिनं ब्रेडला चटणी फासली, उरलेला टब तिथंच उन्हात ठेवला. साहेब दहाचे म्हणून दुपारी आले. तोवर टबानं छान ऊन खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गाव पडलं.

गाव म्हणजे खुर्च्या. साहेब पडले, मुख्याध्यापक पडले, पंजाबराव पडले, सरूआजी पडली. ताप, उलट्या, पोटात कळा, आणि ते लोटा घेऊन धावणं. अंगणातली पंगत ठणठणीत होती. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. अंगणातल्या माणसांच्या तब्येतीकडं पाहायची गावाला सवय नव्हती.

साहेबांना झालं म्हणून यंत्रणा हलली. एरवी गाव आजारी पडलं की मिठा-साखरेच्या पुड्या येतात. या खेपेला आरोग्य केंद्राची गाडी आली. गाडीतून सबीहा उतरली. केंद्रातल्या प्रयोगशाळेचं काम ती पाहायची. जळगाव जामोदचीच पोरगी, खांद्याला बर्फाचा डबा, बोलायला पटपट. आजाऱ्यांकडून तिनं छोट्या डब्यांत नमुने घेतले. उरलेली भाजी घेतली, शिळा रोडगा घेतला.

"अजून काय खाल्लं होतं?" तिनं सरूआजीला विचारलं.

"ते पांढरं," आजी खाटेवरून म्हणाली. "फ्रिजात हाय अजून. पोट्ट्यानं लपवून ठेवलं."

सबीहानं तेही घेतलं. निघताना ती चुलीपाशी थांबली. गोजरबाई भांडी घासत होती.

"काय करता वं माय हे घेऊन?"

"बुलढाण्याला पाठवायचं, मावशी. मोठ्या लॅबमधे." सबीहा डबा खाली ठेवून टेकली. "तिथं आधी हे ऊबदार रश्श्यात ठेवतात. यात जंतू असला तर खाऊन-पिऊन वाढतो. मग दुसऱ्या रश्श्यात टाकतात. त्यात बाकीचे ऐरेगैरे मरतात, आपल्याला पाहिजे तो जगतो. मग त्याला लाल ताटलीवर सोडायचं. तिथं त्याचे ठिपके उठतात. मधोमध काळे. मग अजून औषधं लावून पाहायचं, हा तोच आहे का दुसरा कुणी."

गोजरबाईनं घासणं थांबवलं.

"म्हंजे चोराले आधी घरी न्याचं. जेऊ घालाचं. धष्टपुष्ट कराचं. अन् मंग विचाराचं, बाबू, चोरी तूच केली का?"

सबीहा हसली. "अगदी तसंच."

"अन् तवरोक?"

"तोवर थांबायचं. त्याला वाढायला वेळ लागतो."

"जंतू थांबन माय," गोजरबाई म्हणाली. "गाव थांबते का?"

गाव थांबलं नाहीच. कुणी म्हणालं भानामती. कुणी म्हणालं विरोधी पार्टी. फीत कापताना कैची अशुभ हातात होती, असंही निघालं. मग एका सकाळी फोन आला.

टेंभीखेडात मोबाइलची रेंज फक्त देवळाच्या पारावर मिळते. पंजाबराव तिथं बसले होते. जरा खंगले होते, पण आवाज शाबूत होता. भोवती दहा-बारा माणसं. फोन स्पीकरवर.

"सरपंच साहेब? सबीहा बोलते. रिपोर्ट आला. साल्मोनेला निघाला."

"आं? कोन निघाली?"

"साल्मोनेला!"

पंजाबरावांनी भोवती पाहिलं. "सोनाळावाली?"

"हो, साल्मोनेलाच. लॅबनं पक्कं केलंय."

"पक्कं? दुसरं कोनी नाई?"

"दुसरं काहीच नाही. फक्त साल्मोनेला. तुमच्या त्या पांढऱ्या च—"

रेंज गेली. मग रंगराव, जो पानटपरी चालवतो आणि सगळ्या गोष्टींवर मत ठेवतो, हळूच म्हणाला, "काय मशीन बनवली बापा. थेट नावच घेतलं."

"पन बे, सरकारी कागदावर तं गोजर हाय ना ते?" एकानं विचारलं.

"हाव."

"मंग मशीनले सोनाळावाली कसं समजलं?"

रंगरावानं पिचकारी टाकली. "आधारले जोडलं असन."

हे सगळ्यांना पटलं.

पंजाबराव आणि मुख्याध्यापक शाळेत गेले तेव्हा गोजरबाई तांदूळ निवडत होती.

"सोनाळावाली, पळी दे," पंजाबराव म्हणाले.

"काऊन? तुमी वाढता का आज?"

"दे म्हनतो. बुलढान्याच्या मशीननं तुयं नाव घेतलं."

"माहं?"

"तुयंच. सोनाळावाली निघाली म्हने. पक्कं केलं त्यायनं."

गोजरबाई उठून उभी राहिली. "दुसरी कोनी सोनाळावाली असन, भाऊ."

"गावात एकच हाय."

हेही खरंच होतं. तिनं पळी दिली. मुख्याध्यापकांनी ती रुमालात धरून नेली आणि ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बंदूक जप्त करावी तशी.

घरी येऊन ती ओट्यावर बसली. आधी राग आला. मग राग ओसरला आणि खाली भीती सापडली. तिनं तळहात पाहिले. त्या दिवशी चव पाहिली होती. चाटलं होतं. पदराला पुसलं होतं. पाणी तर साहेबांवरच संपलं होतं. मशीन कायले खोटं बोलन? मशीनचं आपल्याशी काय वैर? तिला वाटलं, आपल्या हातात काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाही. ती उठली आणि साबण लावून हात धुतले. मग पुन्हा धुतले.

गाव कामाला लागलं. सोनाळ्याहून संत्र्यांची गाडी आली, ती वेशीवरूनच परत पाठवली. सोनाळ्याच्या मुलीचं स्थळ एका घरी आलं होतं. त्यांनी कळवलं, थोडं थांबू. शाळेत मुख्याध्यापकांनी स्वतः खिचडी केली. ती वरून कच्ची होती आणि खालून कोळसा. मग खिचडी बंद झाली. मुलं घरून डबे आणू लागली. ज्यांच्या घरून डबा येत नव्हता, ती नळावरच्या हसऱ्या मुलाकडं पाहत बसायची.

सबीहा पुन्हा आली ती थेट गोजरबाईच्या दारात. हातात छोटा डबा.

"मावशी, तुमचा नमुना पाहिजे."

"घे माय. आता सारं गाव मलेच नमुना म्हनते." ती हसली नाही. "मशीननं नाव घेतल्यावर अजून नमुना कायले?"

"कुणाचं नाव?"

"माहं. सोनाळावाली."

सबीहा बघत राहिली. मग तिला आपला फोन आठवला, स्वतःचं बोलणं आठवलं. ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी आलं. समोर गोजरबाई तशीच बसली होती. सबीहाचं हसू मधेच तुटलं.

"मावशी, साल्मोनेला. सोनाळा नाही. जंतूचं नाव आहे ते."

"कोन्या गावचा?"

"कोणत्याच गावचा नाही. बाहेरदेशी एक साहेब होता, त्याच्या नावावरून ठेवलं."

"त्याले झालता?"

"नाही. त्याच्या हाताखालच्या माणसानं शोधला. नाव साहेबाचं लागलं."

"मंग आपल्याकडच्यासारखंच हाय," गोजरबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "म्हंजे मी सुटली?"

सबीहानं नाही म्हणून मान हलवली. "जंतू त्या पांढऱ्या चटणीत सापडला. ब्रेडला ती कुणी लावली?"

"म्याच."

"म्हणून आले. कधी कधी माणूस धडधाकट असतो अन् जंतू त्याच्या पोटात राहतो. त्याला काही होत नाही. त्याच्या हातून दुसऱ्याला होतं. तुमचा नमुना साफ निघाला तर पळी तुमची. नाही निघाला तर काही दिवस स्वयंपाक बंद."

गोजरबाईनं डबा घेतला. आत जाताना दारात थांबली. "अन् तो बाहेरदेशचा साहेब? त्याचा नमुना कोनी घेतला होता का?"

सबीहा चांगली पोरगी. जाताना पारावर थांबून तिनं सगळ्यांना समजावलं. जंतूचं नाव साल्मोनेला आहे, बाईच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. गाडी गेल्यावर रंगरावानं सार सांगितलं.

"आलं का ध्यानात? आपल्या सोनाळावालीच्या नावाचा जंतू हाय. शास्त्रज्ञायनं ठेवलं."

संध्याकाळी बाया तिच्या घरावरून जाताना पदर नाकाला लावू लागल्या. त्यात थोडा मानही होता. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाचा जंतू नव्हता.

तिकडं सबीहानं शेखरला गाठलं होतं. जंतू आकाशातून पडत नाही, चटणीत काय काय घातलं ते सांग, म्हणाली.

"तेल," शेखर म्हणाला. "मोहरी. लिंबू."

"आणि?"

"मीठ."

"आणि?"

शेखरनं कॅफेचं दार लोटून घेतलं. "आणि... पिवळं."

पिवळं कच्चं होतं. मागच्या खोलीत, गणपतीच्या फोटोच्या बरोबर खाली, अंड्यांचा ट्रे निघाला. टरफलांवर कोंबड्यांची घाण तशीच. सबीहानं त्यातली अंडी लॅबकडं पाठवली. यथावकाश निकाल आले. अंड्यांत जंतू होता. तोच. गोजरबाईचा नमुना साफ होता. खात्रीसाठी पुन्हा घेतलेलाही साफ. या वेळी सबीहानं फोन केला नाही. पंजाबरावांच्या घरी येऊन, समोर बसून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

त्याच दिवशी पंजाबराव आणि शेखर गोजरबाईच्या दारात उभे. पंजाबराव कधी तिच्या घरात आले नव्हते. आत आले, बसले, आणि शेखरला कडी लावायला सांगितली.

"सोनाळावाली, तू साफ हायस."

"सबीहानं सांगतलं."

"पन एक अडचन हाय." त्यांनी आवाज खाली आणला. घरात मयत असावं तसा. "चटणीत अंडं होतं."

"बाप्पा!"

"आमच्या आईच्या गळ्यात माळ हाय. चार खाल्ले तिनं. चार! हे बाहेर गेलं तं घर बसलं आमचं." ते पुढं सरकले. "उद्या शाळेत सभा घेतो. तू फक्त एवढंच म्हन, का हात धुवाचे राहून गेले. बस. पळी तिथंच तुया हाती. मी सोता देतो."

"म्हंजे म्या गावाले जंतू चारला म्हनू?"

"जंतूले लोक माफ करतात वं. आठ दिवसांत इसरतात. अंडं नाई इसरत."

"काकू, प्लीज," शेखर म्हणाला. "बोर्डावर प्युअर व्हेज लिवलं हाय."

"पुसून टाक."

"ऑइल पेंट हाय, काकू."

गोजरबाईनं पंजाबरावांकडं पाहिलं. "अन् हात कुठं धुवाचे होते म्हनू, भाऊ?"

"केंद्रात."

"केंद्रात पानी होतं?"

पंजाबरावांनी दाराच्या कडीकडं पाहिलं. "तेवढं नको म्हनू."

ते गेले. ती चुलीपुढं बसली. पळी डोळ्यांसमोर होती. एक वाक्य बोलायचं आणि हात पुढं करायचा. वाक्य तसं अर्धं खरंही होतं. हात धुतले नव्हतेच. गाव तिला आधीच दोषी मानून बसलं होतं, आता मान हलवली म्हणून नवीन काय जाणार होतं? आणि मुलं घरून डबे आणत होती.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. कोरड्या नळांसमोर. टेबलावर पळी ठेवली होती. सरूआजीला खुर्चीत बसवून आणलं होतं, कारण एवढा मोठा कार्यक्रम चुकवायला ती तयार नव्हती. पंजाबरावांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. मग म्हणाले, "चूक मानसाकडूनच होते. मन मोठं कराले पायजे. बोल, सोनाळावाली."

ती उठली. पळीकडं पाहिलं. काठाला ती तिच्याच हातांनी झिजली होती.

"म्या हात धुतले नव्हते," ती म्हणाली.

पंजाबरावांनी श्वास सोडला.

"पन मले जे म्हनाले सांगतलं, ते म्या म्हनत नाई. पळी राहू द्या तुमच्यापाशी. ते पांढरं कशाचं होतं, ते या दोघायले विचारा."

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. शेखरनं मान खाली घातली. पंजाबराव हसले. "कशाचं म्हंजे? तेलाचं!"

"तेलाचं काय रे, पंज्या," मागून आवाज आला. "अंड्याचं होतं ते."

सरूआजी. गळ्यातली माळ चाचपत, अगदी शांत.

"आई, तू बस बरं!"

"बसलीच हावो. तुया चटणीपासून उठता येते कुठं?"

मुख्याध्यापक पुढं झाले. "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? मले नाक नाई का? माहेरी कोंबड्या म्याच राखल्या. माळ तं लगनानंतर आली. पयल्याच घासाले समजलं."

"मंग खाल्लं कायले, आई?" पंजाबरावांचा आवाज रडका झाला.

"म्हनून तं चार खाल्ले," आजी म्हणाली.

कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळं अंगण हसलं. जमिनीवर बसणारं अंगण, ज्याला काहीच झालं नव्हतं. आजी पुढं म्हणाली, "अन् त्या बाईले कायले उभं केलं रे? तिच्या रोडग्यानं कोन पडलं? दे तिची पळी."

आता पेच उरला तो माळेचा. तो भजनीबुवांनी सोडवला. आजारपणात खाल्लेल्या अन्नाचा दोष लागत नाही, म्हणाले. रंगराव म्हणाला, पन बुवा, आजी तं ते खाल्ल्यावर आजारी पडली. बुवा म्हणाले, तेच म्हणतो मी, आजारपणाचंच अन्न ते. हेही सगळ्यांना पटलं.

पंजाबरावांनी लगोलग पळीला हार घातला. गोजरबाईच्या हातात देताना फोटो काढला. मागं 'स्वच्छ हात, निरोगी गाव' दिसेल असा कोन साधला. शेखरच्या बोर्डावर 'प्युअर' या शब्दावर कागद चिकटवलेला आहे. 'व्हेज' अजून तसंच आहे. पाइप पुढच्या टप्प्यात आहे. सबीहानं शाळेला एक बादली, एक मग आणि साबण दिला. गोजरबाई आता चवीचं वाटीत काढून घेते आणि हात बादलीवर धुते. पदर मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही.

गावाला त्या जंतूचं खरं नाव कधी जमलं नाही. जमवायची गरजही वाटली नाही. लेकराचं पोट बिघडलं की बाया एकमेकींना सांगतात, "रातपासून सोनाळावाली झाली त्याले." रंगराव शिळी भजी पाहून म्हणतो, "खाऊ नको बे, सोनाळावाली होईन." कुणाच्या मनात वाईट नसतं. शब्द सोपा आहे, एवढंच. पण आता बाईला त्या नावानं हाक कशी मारायची? ओशाळून लोकांनी ती बंद केली. काही दिवस तिला कुणी काहीच म्हणेना. 'अवं', 'ऐका', 'ओ बाई', असं चाललं.

शेवटी तिनंच मुलांना सांगितलं. "गोजर म्हना. माहं नाव हाय ते."

दुसऱ्या दिवशी खिचडीची रांग लागली. वाफ वर येत होती. गोजरबाई पातेल्यात पळी फिरवत होती. रांगेतल्या पोरांनी ताटल्या वाजवत हाक मारली, "गोजरकाकू!"

तिनं वर पाहिलंच नाही. पोरांनी पुन्हा, सगळ्यांनी मिळून मारली, "गोजरकाकू, वाढा ना वं!"

तिचा हात थांबला. सोनाळ्याहून कोण आलं म्हणून ती वळून रस्त्याकडं पाहू लागली.